दोर कुणाच्या हातात होता?

(कल्याणमध्ये वस्तीपातळीवरच्या महिला गटांच्या एकदिवसीय मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)



मला आज 'आपत्ती व्यवस्थापनात स्त्रियांचा सहभाग' या विषयावर बोलायला सांगितलं आहे. पत्रिकेत तसं छापलंही आहे. विषय भारदस्त आहे, आणि समाजकार्यात एम.ए. केलेलं असल्यामुळे त्यावर अर्धा तास भारदस्त बोलणं मला अवघड नाही. पण गेलं वर्षभर आम्ही एका वस्तीत जे केलं ते तशा भाषेत सांगायला गेले तर खोटं होईल. ती गोष्ट आहे होडी पाण्यात ढकलताना झालेल्या फजितीची. एका नव्हे, अनेक फजित्यांची. त्यातली सर्वांत मोठी माझी स्वतःची आहे आणि ती मी महिनाभर लपवून ठेवली होती. तिच्यापर्यंत येते. आधी होडीचं सांगते.

खाडीकाठची ही वस्ती आहे. नाव घेत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात तिथल्या एका बाईची गोष्ट आहे. तुमच्यापैकी ज्या कल्याण, बदलापूर, अंबरनाथकडच्या आहात त्यांना पाण्याचं वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ आपल्याला विसरता येत नाही. २०१९ मध्ये उल्हास नदी पुन्हा फुगली. त्याच वर्षी २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, आणि हजारावर प्रवाशांना होड्या आणून बाहेर काढावं लागलं. त्यांत गरोदर बायका होत्या. मग २०२१ चा जुलै. दर वेळी वस्तीत पाणी शिरतं ते बहुधा रात्री नाहीतर भर कामाच्या दिवशी. आता मला सांगा, अशा दिवशी वस्तीत कोण असतं? पुरुष ठाण्याला, मुंबईला कामावर. लोकल बंद. घरात बायका, पोरं, म्हातारी माणसं आणि एखादी नुकती बाळंत झालेली. म्हणजे पाण्यात सापडणार त्याही बायका आणि बाहेर काढायचं झालं तर काढणार त्याही बायकाच. फक्त ही दुसरी गोष्ट कुणी गृहीत धरलेली नाही.

२००४ च्या त्सुनामीनंतर ऑक्सफॅमने इंडोनेशियातल्या आचे प्रांतात, श्रीलंकेत आणि आपल्या तामिळनाडूतल्या कडलूर भागात पाहणी केली. पुष्कळ गावांत मेलेल्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होती. पुरुष कामासाठी बाहेर किंवा खोल समुद्रात होते, बायका किनाऱ्यावर आणि घरात होत्या, हे एक कारण. दुसरं, बायकांना पोहायला, झाडावर चढायला येत नव्हतं. पोहणं न येणं हे काही निसर्गाने दिलेलं नाही. ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, एवढंच. आणि का शिकवलं नाही, तर ओले कपडे अंगाला चिकटतात म्हणून.

तर, आमच्या वस्तीत होडी होती. एका कंपनीने पुरानंतर तिथल्या तरुण मंडळाला फायबरची होडी दिली होती, दहा जाकिटांसकट. दोन वर्षं ती मांडवाच्या बांबूंखाली उपडी पडली होती. चार मुलांनी तेव्हा शिक्षण घेतलं होतं, त्यांतले दोघे आता तळोज्याला पाळीवर जातात, एक लग्न होऊन बाहेर पडला. बचत गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एकीने सरळ विचारलं, "पाणी आलं की होडी कोण काढणार? गणपती?" सगळ्या हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. त्या गप्प बसण्यातून आमचं काम सुरू झालं. अकरा जणींनी नावं दिली. मंडळातले एक काका म्हणाले, "बायका होड्या हाकणार तर आम्ही काय भाकऱ्या थापायच्या?" आमच्या गटातल्या सर्वांत म्हाताऱ्या मावशी म्हणाल्या, "थापा की. आधी पीठ मळायला शिका."

पहिल्या दिवसाची फजिती पूर्णपणे शिकलेल्यांची होती. मी वर्तमानपत्रातून भरतीची वेळ काढली, पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरला, टेम्पो ठरवला, होडी दुर्गाडी किल्ल्याजवळच्या उतारावर आणली, आणि पाहते तर पाणी कुठल्या कुठे! उताराच्या पायथ्यापासून पुढे नुसता काळा गाळ. तरी ढकलायला गेलो. तीन जणी गुडघ्यापर्यंत रुतल्या. एकीची चप्पल आत गेली ती गेलीच, पाय कसाबसा परत आला. टेम्पोवाला भाड्यासाठी घड्याळ दाखवत होता. वर पुलाच्या कठड्यावर बघे जमले होते.

मावशी कोळी आहेत, माहेर ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्याचं. त्या काठावर पाय पसरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तू मुंबईची भरती घेऊन आलीस. मुंबईची भरती मुंबईला. आपल्याकडे पाणी वसईवरून आत येतं, घोडबंदर, गायमुख, मग मोठागाव, मग इथं. त्याला चालत यायला वेळ नको?" मग त्यांनी आम्हाला हिशेब शिकवला. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर तीन वाजता भरती, अष्टमीला सहाला, द्वादशीला नऊला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-साडेअकराला, तेव्हा उधाण असतं, आणि अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. हे सगळं समुद्रकाठचं. कल्याणला पुढे किती थांबायचं ते त्या काठावरच्या खुणा बघून सांगतात. हा हिशेब कोकण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझ्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात स्थानिक ज्ञान या विषयावर एक पूर्ण पेपर होता. त्यात पाऊणचा पाढा नव्हता.

दुसऱ्या खेपेला पाणी होतं. शिकवायला मंडळातला एक अनुभवी मुलगा आला होता. चांगला मुलगा, मनापासून शिकवत होता. होडी उतारावरून सरकली, पाण्यावर तरंगली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि चार जणी आत बसल्यावर तळाशी पाणी दिसायला लागलं. आधी घोट्यापर्यंत. एकीला वाटलं बाजूने उडालं असेल. मग ते वाढायलाच लागलं. फायबरच्या होडीला तळाजवळ भोक असतं, जमिनीवर ठेवताना बूच काढून ठेवतात म्हणजे पावसाचं पाणी निघून जातं. पाण्यात घालण्याआधी ते लावायचं असतं. बूच त्या मुलाच्या घरी खुंटीला लटकत होतं. पदराचा बोळा करून भोकात कोंबला आणि होडी परत काठाला आणली. तो मुलगा पोट धरधरून हसला. "होतं असं, मागच्या वेळीपण झालं होतं," म्हणाला. काठावरचे सगळे त्याच्याबरोबर हसले. आम्हीही हसलो. कुणीही असं म्हटलं नाही की पुरुषांना होडी जमायची नाही.

हे वाक्य लक्षात ठेवा, मला पुन्हा त्याच्याकडे यायचं आहे.

मधल्या काही गोष्टी अहवालात येत नाहीत, त्या इथे सांगून टाकते. जाकिटं पुरुषांच्या मापाची. पट्टा छातीवर बरोबर नको तिथे येतो, घट्ट केला तर काचतो, सैल ठेवला तर पाण्यात जाकीट वर सरकतं आणि माणूस खाली. ते बांधून द्यायला एकोणीस-वीस वर्षांचे मुलगे पुढे येतात, त्यांचा हेतू वाईट नसतो, पण बायका अंग चोरतात आणि पट्टा सैलच राहतो. एका सैल पट्ट्याने जीव जाऊ शकतो. आम्ही पहिला नियम केला की जाकीट बाईने बाईला बांधायचं, आणि दोन बोटं आत जाणार नाहीत इतकं घट्ट. दुसरी गोष्ट कपड्यांची. मावशींच्या नऊवारी लुगड्याला काही होत नव्हतं, ते लुगडं बनलंय कामासाठी. आमच्या पाचवाऱ्या आणि गाऊन मात्र ओले झाले की पायांत बेड्या. पंजाबी ड्रेस घालायचा ठरवलं तर दोघींच्या घरी त्यावरून वाद. तिसरी गोष्ट, त्या घाटावर बायकांसाठी मुतारी नाही. सकाळी आठला आलेली बाई साडेबारापर्यंत पाणी न पिता उन्हात. पाळी आली की ती येतच नाही, आणि कारण विचारलं तर सांगते, पाहुणे आहेत. हे सगळं 'प्रशिक्षणातील गळती' या सदरात मोडतं.

आता दोराची गोष्ट.

पाचव्या की सहाव्या खेपेची. सुकती लागली होती, म्हणजे पाणी उतरायला लागलं होतं, त्यामुळे घाई चालली होती. होडी ढकलली. एक ताई, मी तिला 'होडीतली ताई' एवढंच म्हणेन, नाळेपाशी चढून बसली. बाकीच्यांनी तिच्या हातात वल्ही द्यायची आणि मग चढायचं असा क्रम. वल्ही अजून काठावर होती. होडी धरून ठेवायचा दोर एकीच्या हातात होता. आणि होडी गेली. काय झालं कळायच्या आत दहा हात लांब, मग वीस हात, प्रवाहाला लागून पुलाच्या खांबांच्या दिशेने. ताई एकटी आत, वल्ह्याशिवाय. ती आधी उभी राहिली. सगळ्या ओरडल्या, "बस, बस!" तशी ती बसली, दोन्ही काठ घट्ट धरले आणि ओरडली, "वल्ही! वल्ही द्या!" काठावरून वल्ही कशी देणार? जाळं टाकणारा एक माणूस त्याच्या छोट्या होडीतून आला आणि ओढून घेऊन आला. सात-आठ मिनिटांचा प्रकार. तिला खरचटलंसुद्धा नाही.

पण पुलावर मोबाईल होते. तिचं ते उभं राहणं, धपकन बसणं, "वल्ही द्या" ओरडणं, सगळं चाळीस सेकंदांत. त्यावर कुणीतरी एक सिनेमातलं गाणं चिकटवलं. संध्याकाळपर्यंत ते वस्तीतल्या प्रत्येक फोनवर होतं, रात्री तिच्या नणंदेने भिवंडीहून पाठवलं. तिचा नवरा रिक्षा चालवतो. स्टँडवर त्याला विचारायला लागले, "काय रे, वहिनी वसईला पोचली का?" त्याने मारलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. जेवताना एवढंच म्हणाला, "पुरे झालं तुझं." पुढच्या खेपेला ती आली नाही. तिच्याबरोबर आणखी तिघी आल्या नाहीत. काका भेटले, म्हणाले, "मी सांगत नव्हतो का."

आता त्या बुचाकडे परत येते. मुलगा बूच विसरला, चार बायका पाण्यात बुडायची वेळ आली, तो झाला किस्सा. त्याच मंडळाच्या एका मुलाने मागे होडीचं इंजिन नीट न कसल्यामुळे खाडीत घालवलं होतं. ते लोक कौतुकाने सांगतात, "त्याने इंजिन खाडीला वाहिलं!" ते सांगताना त्याच्या पाठीवर थाप मारतात. आणि ताई, जिने काहीच चूक केली नव्हती, जी ठरल्या जागी ठरल्याप्रमाणे बसली होती, ती झाली पुरावा. कशाचा पुरावा? बायकांना जमत नाही याचा. पुरुषाची चूक त्याची एकट्याची असते. बाईची चूक साऱ्या बायकांच्या नावावर जमा होते, आणि इथे तर चूकही तिची नव्हती.

तुम्ही म्हणाल, एवढ्या लहान गोष्टीचं काय घेऊन बसलात. मी जरा मोठ्या होड्यांचं सांगते. १८५७ साली लंडनमध्ये ग्रेट ईस्टर्न नावाचं तेव्हाचं जगातलं सर्वांत मोठं जहाज पाण्यात उतरवायचं होतं. ३ नोव्हेंबरला हजारो लोक बघायला जमले, कंपनीने तिकिटं विकली होती. जहाज काही फूट सरकलं आणि अडकलं. त्या गडबडीत मजुराचा जीव गेला. मग महिने गेले, साखळदंड तुटले, यंत्रं मोडली, आणि शेवटी ३१ जानेवारी १८५८ ला ते तरंगलं. पुढे त्याच जहाजाने १८७० साली मुंबई ते एडन तारेची केबल समुद्रात टाकली, म्हणजे आपला त्याच्याशी संबंध आहे. ते बांधणाऱ्या ब्रुनेलला आज कुणी जहाज अडकवणारा म्हणत नाही. थोर अभियंता म्हणतात. त्या पहिल्या दिवशी तिथे एका बाईलाही काम होतं बरं का. कंपनीच्या अध्यक्षाच्या मुलीने जहाजावर बाटली फोडून त्याचं नाव ठेवलं.

आपल्या नौदलातही हीच प्रथा आहे, बाटलीऐवजी नारळ. युद्धनौका पाण्यात सोडायला बाई लागते, बहुधा कुणा मोठ्या माणसाची पत्नी. १ सप्टेंबर २०२३ ला माझगाव गोदीत 'महेंद्रगिरी' सोडली ती तेव्हाच्या उपराष्ट्रपतींच्या पत्नीच्या हस्ते. नारळीपौर्णिमेला आपल्या कोळीवाड्यांतही बायका होडीची पूजा करतात. म्हणजे होडी पाण्यात जाताना बाई शुभ असते. फक्त तिने नारळ वाढवून बाजूला व्हायचं असतं. दोराला हात लावायचा नसतो.

आणि आपल्या ह्याच कल्याणच्या खाडीचं घ्या. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतलं आणि इथल्या खाडीत गलबतं बांधायला सुरुवात केली. काम जाणणारे कारागीर पोर्तुगीज होते, त्यांचा मुख्य रुई लैतांव व्हिएगस. वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना फितवलं आणि १६५९ च्या सुमाराला ही सगळी मंडळी काम अर्धवट टाकून गुपचूप निघून गेली. आपल्या आरमाराचा आरंभ असा झाला! पुढे आरमार उभं राहिलंच. आपण शाळेत आरमार शिकतो, अर्धवट राहिलेली गलबतं शिकत नाही. पुरुषांच्या इतिहासात चुकायला जागा ठेवलेली असते. मी तेवढीच जागा मागते आहे, आमच्या अकरा जणींसाठी, त्या घाटाच्या उतारावर.

बायकांना होडी जमते का, हा प्रश्न तर खरं म्हणजे शिल्लकच नाही. सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत एका बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, वल्हं स्वतः मारतात. घरचे पुरुष मासेमारी करणारे, पण वल्हं त्यांनाही शिकावं लागलं. नंदुरबारमधल्या एका अंगणवाडी सेविकेने २०२० च्या टाळेबंदीत नर्मदेच्या पाण्यातून स्वतः होडी वल्हवत पाड्यापाड्यांवरच्या बाळांना आणि गरोदर बायकांना पोषण आहार पोचवला. नौदलाच्या सहा बायका १० सप्टेंबर २०१७ ला गोव्याहून 'तारिणी' नावाच्या शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ ला परत आल्या. या सगळ्यांचे फोटो आपण पाहिले आहेत. पहिल्या महिन्यात त्यांच्यापैकी कोण कशी पडली, ते कुणी सांगितलेलं नाही. मला तेच ऐकायचं असतं.

आता माझ्यावर येते. दोर कुणाच्या हातात होता, असं मी मघाशी म्हटलं नाही. "एकीच्या हातात" म्हटलं. ती मी. संस्थेच्या निधीसाठी फोटो पाठवायचे होते. मला वाटलं, होडी पाण्यावर आणि नाळेपाशी बाई, फार छान फोटो येईल. मी दोर हातातून सोडून पायाखाली दाबला आणि दोन्ही हातांनी फोन धरला. कोन मिळेना म्हणून एक पाऊल बाजूला टाकलं. एवढंच झालं. फोटो आला. छान आला, सांगायला लाज वाटते.

पुलावरच्या चित्रफितीत मी नाही. पुलाच्या कोनातून फक्त होडी आणि ताई दिसते. मी अहवालात लिहिलं, 'सत्रादरम्यान दोर निसटला.' मराठी भाषा फार सोयीची आहे हो. दोर निसटला, जसा काही दोरानेच निर्णय घेतला. कप फुटला, दूध उतू गेलं, दोर निसटला. घरी आपल्या हातून कप फुटला तर मात्र "तू फोडलास" असं ऐकावं लागतं. ही सोय मी स्वतःसाठी वापरली. ताईकडे दोनदा गेले, तिला धीर दिला, हसणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस म्हटलं, पुरुषी मानसिकतेवर चांगलं अर्धा तास बोलले. एवढं सगळं बोलले आणि 'माझ्या पायाखालून सुटला' हे तीन शब्द बोलले नाही. मला कशाची भीती होती? वस्तीतल्या लोकांची नव्हती. मला वाटत होतं की शिकवायला आलेली बाई अशी चुकते हे कळलं तर पुढे माझं कोण ऐकेल. म्हणजे अगदी तीच भीती, जी घालवायला मी पगार घेते.

शेवटी गटाच्या बैठकीत सांगितलं. कुणाच्या दबावाने नाही, अहवालाची प्रत वाचून दाखवायची होती, त्या वाक्याशी आले आणि पुढे वाचवेना. ताई त्या दिवशी हप्ता भरायला आली होती, दाराशी बसली होती. मी सांगून झाल्यावर तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "मला ठाऊक आहे. मी होडीतून तुमच्याकडेच बघत होते ना. तुम्ही पाय उचललात तेव्हाच दोर सुटला."

मी विचारलं, "मग बोलली का नाहीस? घरी तरी सांगायचंस, माझी चूक नव्हती म्हणून."

म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुमचं येणं बंद झालं असतं." आणि थोडं थांबून, "आणि म्हटलं, बघू ताई कधी बोलतात."

महिनाभर ती बाई ते हसणं सोसत होती आणि माझी वाट बघत होती. यावर मी आणखी काही बोलत नाही.

मग बैठकीतच नियम ठरले, ते आम्ही भिंतीवर लावले आहेत. जिच्या हातात दोर, तिने दुसरं काही करायचं नाही. फोन तर नाहीच. दोराचं एक टोक काठावरच्या खुंट्याला बांधलेलंच राहील. वल्ही आधी होडीत, माणूस नंतर. बूच दोरीने होडीलाच बांधलं आहे, आता ते कुणाच्या घरी जाऊ शकत नाही. आणि आणखी एक, मावशींच्या सूचनेवरून. प्रत्येक खेपेनंतर काठावर बसून ज्या दिवशी जी चुकली तिने स्वतः सांगायचं. हसायला परवानगी आहे. पहिल्या दिवशी मीच सुरुवात केली, मावशी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

सगळं सुरळीत झालं असं समजू नका. अकरांतल्या आठ जणी आज येतात. दोघी आल्या नाहीत, येतील असं वाटत नाही. एकीच्या सासूने ती चित्रफीत फोनमध्ये जपून ठेवली आहे. एकीचं पुढच्या महिन्यात बाळंतपण आहे, ती नंतर येईन म्हणते. होडीतली ताई येते, पण घरी 'गटाची बैठक आहे' म्हणून सांगते. हे मला पटत नाही. कार्यकर्ती म्हणून मी तिला सांगायला हवं की उघडपणे ये. पण ज्या बाईने माझ्यासाठी महिनाभर तोंड मिटलं, तिला खरं बोलण्याचे धडे कोणत्या तोंडाने देऊ? तुमच्यापैकी कुणी अशा प्रसंगातून गेली असेल तर चहाच्या वेळी मला सांगा.

पुढची खेप येत्या द्वादशीला आहे. मुंबईला भरती नऊला, म्हणजे आपल्याकडे त्यानंतर; नेमकी वेळ मावशी आदल्या दिवशी सांगतील. ज्यांना यायचं असेल त्यांनी कोरड्या कपड्यांचा एक जोड आणि जुन्या चपला आणाव्यात, चांगल्या आणू नका, गाळ घेतो. घाटाजवळच्या एका बाईंनी त्यांचं संडास-न्हाणीघर वापरायला दिलं आहे, तेव्हा पाणी पिऊन या. जाकिटं दहाच आहेत. नावं माझ्याकडे नाही, ताईकडे द्या. यादी आता ती ठेवते.